मक्याच्या शेतात पाच प्रदक्षिणा

माझी दिशांची जाण उत्तम आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना तुमचा माझ्यावरचा विश्वास उडायची शक्यता आहे, म्हणून. सिंगापूरच्या पुंगोलमध्ये आम्ही नऊ वर्षं राहतोय आणि या नऊ वर्षांत मी ऑफिसातून निघालो आणि घरी पोचलो नाही, असं एकदाही झालेलं नाही. यावर अनुयाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं असं की पुंगोलची एलआरटी, म्हणजे आमची छोटी मेट्रो, गोल फिरते. त्यामुळे स्टेशन चुकलं तरी माणूस नुसता बसून राहिला की परत घराशीच येतो, त्यात त्या माणसाचं कर्तृत्व काही नाही. अनुयाच्या बोलण्यात तथ्य असतं, नाही असं नाही. पण सगळं तथ्य चारचौघांत बोलून दाखवायला हवं का?

तर विषय होता आमच्या इराचा. इरा तेरा वर्षांची. शाळेत ती ओरिएन्टीअरिंग नावाचा खेळ खेळते. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र घ्यायचं आणि रानात जागोजागी लावलेले झेंडे ठरलेल्या क्रमाने शोधत पळायचं, असा तो खेळ. आमच्या वेळी याला रस्ता चुकणं म्हणत आणि त्याबद्दल घरी मार मिळे. पण काळ बदलला. इरा वर्षभर मनापासून सराव करत होती, तरी शाळेच्या संघात तिचं नाव कायम राखीव खेळाडूंमध्ये. मग एक दिवस ती नाचतच घरी आली. क्रांजीकडच्या एका शेतावर मक्याचा भुलभुलैया केला होता आणि त्यात पालक आणि मूल अशा जोड्यांची शर्यत होती. संघात दोन जागा रिकाम्या होत्या. त्यांचे शिक्षक मिस्टर प्रकाश यांनी जाहीर केलं होतं की जी मुलं साठ मिनिटांच्या आत बाहेर येतील, त्यांतल्या पहिल्या दोघांना संघात घेणार.

इराने जोडीला अर्थातच आईचं नाव दिलं. मला कोणी विचारलं नाही. मी फक्त दोन दिवस जरा कमी जेवलो. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शर्यतीला नऊ दिवस उरले असताना अनुया बसमधून उतरताना पडली आणि तिचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे पळापळ बंद सांगितली. रात्री जेवताना इरा भातात बोट फिरवत बसली होती. डोळे भरलेले, पण रडायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मला अगदी कसंसंच झालं.

"अगं, मी आहे ना," मी म्हणालो.

अनुयाने माझ्याकडे पाहिलं, मग इराकडे, मग आमटीकडे.

"नेव्हर माइंड लाह, बाबा," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "नेक्स्ट इयर ऑल्सो कॅन."

आता मला सांगा, यात 'नेव्हर माइंड' काय होतं? मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कम्प्लायन्स विभागात आहे. बावीस वर्षं मी लोकांना वाट दाखवतोय. म्हणजे नेमकं सांगायचं तर, कुठल्या वाटेने जायचं नाही ते सांगतोय. कोणी नियम मोडला की मी त्याला समोर बसवतो, फॉर्म पुढे सरकवतो, आणि 'चूक कोणाची' या रकान्यात त्याच्याच हाताने त्याचं नाव लिहून घेतो. असा माणूस मक्यात हरवेल? मी त्याच रात्री आयोजकांना ईमेल ठोकली.

बाईच्या जागी पुरुष पालक घालणं वाटतं तितकं सोपं नाही. आधी अनुयाच्या पायाचं डॉक्टरांचं पत्र मागितलं. मग मी इराचा बाप असल्याचा दाखला. मग अठरा मिनिटांचा सुरक्षेचा व्हिडिओ आणि त्याखाली दहा प्रश्न. वीज कडाडली तर काय कराल, याचं मी 'शांत राहीन' असं उत्तर निवडलं, तर नापास. पुन्हा अठरा मिनिटं व्हिडिओ. मला राग आला का? अजिबात नाही. मला ही माणसं आवडली. कामाची पद्धत असावी तर अशी, असं मी अनुयाला म्हणालोसुद्धा.

शेवटी एक रकाना होता. बदली पालकाचा अनुभव. नवशिके, मध्यम, अनुभवी. यांपैकी एकावर खूण करा.

माझं बोट 'नवशिके'वर गेलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मागे इरा उभी होती. पोटच्या पोरीच्या देखत स्वतःला नवशिका म्हणवून घ्यायचं? कॉलेजात असताना मी सिंहगड चौदा वेळा चढलोय. त्यांतल्या दोन वेळा तर रात्री. मी 'अनुभवी'वर खूण केली आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनाची मेल आली. आमची जोडी आता अनुभवी गटात गेली होती. साध्या गटाला सात झेंडे शोधायचे होते, आम्हाला दहा. वेळ मात्र तीच, साठ मिनिटं. मी तातडीने फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, की प्रत्येक जोडीला एकच दुरुस्ती करता येते आणि आमची झालेली आहे. नियम म्हणजे नियम. मी तिच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, आणि हेच मला जास्त लागलं.

इराने मेल वाचली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बातमी आमच्या ब्लॉकमध्ये पसरायला लिफ्टची एक फेरी पुरली. पहिले आले संजीव. संजीव आणि नीता आमच्याच मजल्यावर राहतात, त्यांचा वरुण इराच्याच वर्गात आणि त्याच संघाच्या रांगेत. संजीव कोणत्याही गोष्टीची आधी उपकरणं घेतात, मग ती गोष्ट करतात. त्यांनी खास बूट आणले होते, पायाला काटे लागू नयेत म्हणून मोजे आणले होते, आणि माझ्या चपलांकडे पाहून ते अतिशय प्रेमाने म्हणाले, "निशिकांतराव, अनुभवी गट? वा! आम्ही बाबा साध्याच गटात. आपली झेप तेवढीच."

या वाक्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी रात्रभर मोजत होतो.

पहिला सल्ला पुण्याहून आला. अनुयाचा भाऊ प्रबोध फोनवर म्हणाला, "भाऊजी, सोप्पं आहे. खिशात चुरमुरे न्यायचे, टाकत टाकत जायचं. परत येताना ते बघत यायचं." मी त्याला समजावलं की इथे जमिनीवर चुरमुरे टाकले तर कचरा केल्याचा दंड होतो. तो म्हणाला, मग पक्षी खाऊन टाकतील, पुरावा राहणार नाही. मी म्हणालो, पक्ष्यांना खायला घातलं तर त्याचा वेगळा दंड आहे. तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही तिथे राहता तरी कसे?"

दुसरा सल्ला होता शेजारच्या लिम अंकलचा. लिम अंकलनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली आहे आणि आता ते खालच्या कॉफीशॉपमध्ये बसून बाकीच्यांना चालवतात. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन त्यांच्यासमोर बसलो. ते म्हणाले, "मेझ आह? व्हेरी ईझी. वन हँड पुट ऑन द वॉल. डोन्ट लेट गो. वॉक, वॉक, वॉक, शुअर कम आउट वन."

एक हात भिंतीला लावायचा आणि सोडायचा नाही. केवढी सुंदर, सुटसुटीत पद्धत! मी विचारलं, कुठला हात? ते म्हणाले, कुठलाही, पण एकच. आता आपल्याला यात निवड कसली? शुभ कामाला उजवाच हात. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

होकायंत्राचा सराव मी पाण्याकाठच्या रस्त्यावर रोज सकाळी सहाला करत असे. तीन दिवस ते यंत्र मला उत्तर दाखवत होतं आणि मी उत्तरेला निघालो की दिशा बदलत होतं. पूर्वेला तोंड केलं तर उत्तर माझ्या डाव्या खिशात, पश्चिमेला केलं तरी माझ्या डाव्या खिशात. चौथ्या दिवशी इराने पाहिलं, मुकाट्याने माझ्या खिशातला फोन काढला आणि त्याच्या पाकिटाचं लोहचुंबक मला दाखवलं. "बाबा, यू आर पॉइंटिंग टू युअरसेल्फ," ती म्हणाली. मी म्हणालो, ते मला माहीत होतं, मी तपासत होतो.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं. पण रविवारी सकाळी क्रांजीला पोचलो, तेव्हा नकाशा कोण घेणार हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही. आमच्याकडे सहलीला गेलं की तिकिटं वडिलांकडे, पासपोर्ट वडिलांकडे, आणि नकाशाही वडिलांकडे. आयोजकांच्या बाईंनी नकाशा पुढे केला. इराने हात पुढे केला होता, हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा मी तो घेतला, घडी घातली आणि म्हणालो, "चल."

मका म्हणजे आपल्याला काय वाटतं? लिंबू-मीठ लावून खायची गोष्ट. तो आठ फूट उंच होऊन दोन्ही बाजूंनी अंगावर येतो, तेव्हा त्याच्याबद्दलचं मत बदलतं. आत वारा नाही, पानं करवतीसारखी. पाचव्या मिनिटाला माझ्या चष्म्यावर घाम आणि सनस्क्रीन यांचं दाट मिश्रण बसलं. पुसायला गेलो तर ते अधिकच पसरलं. शेवटी मी चष्मा काढून खिशात ठेवला. आता नकाशा माझ्याकडे होता आणि तो मला दिसत नव्हता. पण काळजी कशाला? माझ्याकडे लिम अंकलची पद्धत होती. मी उजवा हात मक्याला लावला आणि निघालो.

आणि सांगतो, पहिले तीन झेंडे पटापट मिळाले! प्रत्येक झेंड्याजवळ एक डबी असते. आमच्या दोघांच्या बोटांना चिप बांधलेल्या होत्या, त्या डबीत घालायच्या, टुंई असा आवाज येतो, आणि आपण तिथे किती वाजता आलो याची नोंद होते. नोंद! माझा ऊर भरून आला. शर्यतीत असा लेखी कारभार असेल हे मला माहीत असतं तर मी लहानपणापासून खेळाडू झालो असतो.

चौथ्या झेंड्याजवळ एका प्लास्टिकच्या स्टुलावर, मोठी छत्री उघडून, एक चिनी आजीबाई बसल्या होत्या. त्या देखरेखीच्या स्वयंसेविका. त्या हसून "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. आम्ही टुंई केलं, मी उजवा हात मक्याला लावला आणि पुढे गेलो.

पाचव्या झेंड्याजवळही एक छत्रीवाल्या आजीबाई होत्या.

"बाबा," इरा म्हणाली, "धिस वन सेम आंटी."

"सगळ्यांना सारख्याच छत्र्या दिल्यात," मी म्हणालो. "चिप घाल."

टुंई. आजीबाई म्हणाल्या, "अगेन आह?" मी समजलो, पुन्हा शुभेच्छा देतायत. थँक्यू म्हणालो.

सहाव्या झेंड्याजवळच्या आजीबाईंनी आम्हाला पाणी दिलं. सातव्या आणि आठव्या झेंड्याजवळच्या आजीबाईंनी आम्हाला ओळखल्यासारखं मान डोलावली. मागे इरा काहीतरी बोलत होती. "लुक अॅट द नंबर, बाबा, नंबर!" असं काहीसं. पण मी आता वेगात होतो. बत्तीस मिनिटांत आठ झेंडे झाले होते, संजीवचे खास बूट कुठल्या कुठे मागे पडले असणार, आणि मी मनातल्या मनात त्यांचं सांत्वन करत होतो.

नवव्या झेंड्याजवळ आजीबाई छत्री बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मक्यावर ठेवलेल्या माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि अतिशय आदराने, आवाज खाली आणून विचारलं,

"अंकल, यू प्रेइंग इझ इट?"

मला कळेना.

"माय हाउस निअर द टेंपल," त्या म्हणाल्या. "पीपल ऑल्सो वॉक लाइक धिस. राउंड अँड राउंड. फाइव्ह टाइम्स ऑलरेडी. यू वॉन्ट टू डू हाउ मेनी?"

मी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या आतल्या कोरड्या बाजूने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. झेंड्यावर चारचा आकडा होता. मी नकाशा पाहिला. चौथ्या झेंड्याभोवतीचा मका बाकीच्या मक्यापासून सुटा होता. मधोमध एक चौकोनी गाभारा आणि त्याभोवती वाट. त्या गाभाऱ्याला उजवा हात लावून मी चालत होतो. आपण देवाला उजवी घालतो, अगदी तशी. एक नाही, दोन नाही, पाच प्रदक्षिणा मी त्या मक्याला शास्त्रोक्त पूर्ण केल्या होत्या, आणि प्रत्येकीची नोंद दोन दोन चिपांवर झाली होती.

मी इराकडे वळलो. विनोद करावा असं मनात होतं. पण तिचा चेहरा पाहिला. ती रडत होती. आणि ती मराठीत बोलली. एरवी, अगदी रागावली तरी, ती इंग्रजीतच बोलते. मराठी फार आतलं काहीतरी हललं तरच येते.

"मी तुला चार वेळा सांगितलं, बाबा. तू ऐकतच नाहीस. मी वर्षभर हेच शिकतेय. नकाशा वाचायला. तू मला एकदासुद्धा विचारलं नाहीस."

मी काय सांगू तुम्हाला. ऑफिसात माझ्यासमोर बसलेली माणसं एका क्षणी मान खाली घालतात, तो क्षण मी बावीस वर्षं टेबलाच्या अलीकडून पाहत आलोय. पलीकडून तो कसा दिसतो हे मला क्रांजीच्या मक्यात कळलं. पोरीचं खरं होतं. मला तिच्यासाठी धावायचं होतं आणि मी माझ्यासाठी चालत होतो.

मी नकाशा तिच्या हातात दिला. होकायंत्रही दिलं. फोन आजीबाईंकडे ठेवायला दिला, न जाणो अजून कोणाची उत्तर माझ्याकडे यायची. "चुकलं माझं, इरा," मी म्हणालो. "आता तू सांगशील तसं."

तिने बाहीने डोळे पुसले. नकाशा फिरवला, होकायंत्र त्यावर टेकवलं, दोन सेकंद पाहिलं, आणि ही माझीच तेरा वर्षांची पोरगी का, असं मला वाटावं अशा आवाजात म्हणाली, "मक्यावरचा हात काढ, बाबा. आणि पळ."

मग जे झालं त्याचं वर्णन मी फार करू शकत नाही, कारण मला इराची पाठ आणि तिची वेणी याशिवाय काही दिसलं नाही. डावीकडे, बाबा. आता सरळ. इथे वाट बंद आहे, आत शिरू नकोस. तिसरं वळण. पाचवा झेंडा, टुंई. सहावा, टुंई. मी धापा टाकत होतो, पोटात कळ येत होती, पानांनी दोन्ही हात खरचटले होते, आणि मी इतका आनंदात होतो की मोठ्याने हसत होतो. पुढच्या वळणावर एक अनुभवी गटातला उंच गोरा माणूस नकाशा उलटा धरून उभा होता. त्याचा मुलगा शेजारी रडवेला. इच्छा झाली थांबून सांगावं, अरे बाबा, पोराकडे दे. पण इरा ओरडली, "बाबा!" आणि मी पळालो.

दहावा झेंडा झाला, बाहेरचा उजेड दिसला, आणि आम्ही शेवटची रेघ ओलांडली.

बासष्ट मिनिटं चाळीस सेकंद.

संजीव आणि वरुण आधीच येऊन नारळपाणी पीत होते. सत्तावन्न मिनिटं. इराच्या शाळेतले बाकी सगळे पासष्टच्या पुढे. इराने चिप काढून दिली आणि कुंपणाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. संजीव माझ्याजवळ आले. "अनुभवी गट होता ना," ते म्हणाले, "त्यात एवढं चालायचंच." यावेळी टोमणा नव्हता. त्यामुळे तर मला अधिकच रडू आलं.

मशीनमधून आमच्या नोंदीची लांबलचक पट्टी बाहेर आली. मिस्टर प्रकाश ती हातात घेऊन आले. उंच, शांत माणूस. त्यांनी पट्टी दोनदा वाचली.

"कंट्रोल फोर," ते चौथ्या झेंड्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले. "यू पंच्ड फाइव्ह टाइम्स?"

मी चष्मा पुसू लागलो.

"अँड आफ्टर दॅट," त्यांनी पट्टीवर बोट खाली सरकवलं, "फाइव्ह टू टेन. फास्टेस्ट स्प्लिट्स ऑफ द मॉर्निंग. फास्टर दॅन द अडल्ट्स. व्हॉट हॅपन्ड इन बिटवीन?"

स्प्लिट म्हणजे एका झेंड्यापासून पुढच्या झेंड्यापर्यंत लागलेला वेळ, हे मला त्यांच्या बोटावरून कळलं. आजूबाजूला माणसं जमली होती. संजीव होते. वरुण होता. छत्रीवाल्या आजीबाई माझा फोन द्यायला आल्या होत्या, त्याही उभ्या होत्या. एक सोपं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ऊन होतं, चष्म्यावर घाम आला, यंत्र बिघडलं. मी अशी उत्तरं रोज ऐकतो आणि रोज खोडतो.

"सर," मी म्हणालो, "तुमच्याकडे एखादा फॉर्म आहे का?"

आणि काय सांगू, होता! शाळेचाच. निकालाबद्दल पालकांना काही निवेदन करायचं असल्यास त्यासाठी. मी तो संजीवच्या पाठीवर ठेवून, उभ्या उभ्या, स्वच्छ अक्षरात भरला. घटना काय घडली, या रकान्यात लिहिलं: चौथ्या झेंड्यापर्यंत नकाशा वडिलांकडे होता आणि वडील चष्म्याविना होते. त्यानंतर नकाशा मुलीकडे होता. चूक कोणाची, या रकान्यात माझं पूर्ण नाव. मुलीने वेळेवर सूचना दिली होती का? होय, चार वेळा. पुन्हा असं घडू नये म्हणून काय कराल, इथे मी जरा थांबलो. मग लिहिलं: विचारीन.

खाली सही केली, तारीख घातली, आणि सवयीने वेळही घातली. संजीव मान वळवून वाचायचा प्रयत्न करत होते. मी म्हणालो, "वाचा, वाचा, लपवण्यासारखं काही नाही." त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "निशिकांतराव, वरुणच्या हातातून मीसुद्धा दोनदा नकाशा ओढला होता हो."

मिस्टर प्रकाशांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. साठ मिनिटं म्हणजे साठ मिनिटं, ते म्हणाले, आज मी काही सांगू शकत नाही. पण दुसरी जागा रिकामीच आहे. मंगळवारी शाळेमागच्या पार्कात ये, इरा, एकटी ये, आणि मला पळून दाखव. एकटी, हा शब्द त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारला. मी जोरजोरात मान हलवली.

परतताना बसस्टॉपकडे निघालो, तर मी सवयीप्रमाणे आत्मविश्वासाने डावीकडे वळलो. इराने माझं कोपर धरलं आणि मला उजवीकडे फिरवलं. बस येईपर्यंत तिने कोपर सोडलं नाही. मीही ते आखडून घेतलं नाही. तेराव्या वर्षी पोरं भर रस्त्यात बापाचा हात धरत नाहीत, हे मला माहीत आहे. अनुयाला मी घरी गेल्या गेल्या पहिलं तेच सांगितलं, वेळ नंतर.

मंगळवारी मी ऑफिसात कोणाचं काय चुकलं ते ऐकत होतो, पण लक्ष फोनकडे. पावणेसहाला इराचा मेसेज आला. नुसता एक फोटो. संघाची यादी, आणि शेवटी तिचं नाव. समोर बसलेल्या माणसाला मी म्हणालो, "जाऊ दे, या वेळी तोंडी समज देतो." तो घाबरला. मी असं कधी वागत नाही.

रात्री इरा लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. डिसेंबरमध्ये त्याच शेतावर पुन्हा शर्यत होती, पालक आणि मूल. संघात गेल्यामुळे आता तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. अनुयाचा पायही बरा झाला होता. तरी फॉर्मवर तिने जोडीदार म्हणून माझं नाव घातलं होतं.

"आईला विचारलंस?" मी म्हणालो.

"आईला नको," ती म्हणाली. "आई हरवतच नाही. मजा येत नाही."

मग तो रकाना आला. पालकाचा अनुभव. इराने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपपासून हात मागे घेतला, तिचं ती ठरवू दे म्हणून. तिने 'नवशिके'वर खूण केली आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

तशी मी क्रांजीत एक अख्खी शर्यत पुरी केली होती, वरून पाच प्रदक्षिणा. निदान 'मध्यम' म्हणायला हरकत नव्हती. ओठांवर आलंसुद्धा. पण मी चष्मा लावला, नीट वाचलं, आणि खाली सही केली.